स्टेरॉइडने बंड्याचं रूपच बदललंय, गोळी अर्धी करू का?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.
आमचा बंड्या आठ वर्षांचा, गावठी, वजन २२ किलो. जुलैमध्ये दोन दिवसांत एकदम मलूल झाला. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी. त्याचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतंय, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) १४ होता, रक्त चढवावं लागलं. टिक फीव्हरची (गोचीडतापाची) तपासणी निगेटिव्ह आली. तेव्हापासून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २० मिग्रॅ सकाळी आणि २० रात्री, अझाथायोप्रिन ५० मिग्रॅ रोज एक आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. दीड महिना झाला. दोन आठवड्यांपूर्वी पीसीव्ही ३४ होता, परवा ३६ आला.
पण कुत्रा ओळखू येत नाही हो. भांडंच्या भांडं पाणी पितो आणि घरभर लघवी करतो. दिवसातून कितीदा फरशी पुसायची? रात्री तर झोपेतच अंथरूण भिजवतो. शेवटी सासऱ्यांनी रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवायला सुरुवात केलीय. नुसती खा खा सुटलीय. आमचा बेदाण्याचा व्यापार आहे, परवा पोत्याला तोंड लावताना पकडला. पोट सुटलंय, पाठीची हाडं हाताला लागतात, जिना चढताना मागचे पाय लटपटतात. पाय दुखत असतील म्हणून ह्यांनी स्वतःच्या कंबरदुखीची गोळी अर्धी अर्धी करून दोन-तीनदा दिली. रात्री धापा टाकत बसतो. रक्तवाढीचं टॉनिक चालू आहे. शी अधूनमधून काळी होते. गोळ्या कुटून दहीभातात कालवते, जाऊबाई मदत करतात, त्यांना पाचवा महिना आहे.
शेजारचे म्हणतात स्टेरॉइड बंद करा, गुळवेल आणि पपईच्या पानांचा रस द्या. रिपोर्ट सुधारलाय, तर गोळी अर्धी करू का? की आता आयुष्यभर हेच?
— एक वाचक, तासगाव

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जागा लघवीने घेतलीय आणि काळ्या शीला मिळालंय एकच वाक्य. मी त्या एका वाक्यापासून सुरुवात करते. आणि उत्तर पुढे वाचण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. आजच.

माणसांच्या कंबरदुखीच्या गोळीत बहुधा डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं. ही औषधं जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. स्टेरॉइडही तेच करतं. दोन्ही एकत्र पोटात गेली की जठराला जखमा होण्याची भीती कितीतरी वाढते. त्यात बंड्याला क्लोपिडोग्रेल चालू आहे, म्हणजे जखम झालीच तर रक्त लवकर थांबणार नाही. जठरात सांडलेलं रक्त पचून बाहेर येतं तेव्हा ते लाल दिसत नाही, डांबरासारखं काळं, चिकट आणि विचित्र वासाचं दिसतं. तुमच्या यजमानांनी मायेपोटी दिली हे कळतं, पण ती गोळी आता कपाटात कुलूपबंद. पॅरासिटामॉलही नको. स्टेरॉइडवरच्या कुत्र्याला दुखण्याची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, इतका सरळ नियम घरातल्या सगळ्यांना सांगून टाका.

आता त्यात एक गोंधळ आहे. टॉनिकमध्ये लोह असेल तर त्यानेही शी काळी होते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर शीचा छोटा तुकडा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर दाबून पाहा. कडेने लालसर, गंजासारखी छटा उतरली तर रक्ताचा संशय घट्ट झाला. नाही उतरली, तरी डॉक्टरांना सांगायचंच. टिश्यूवरून निदान होत नसतं. लोहाचं टॉनिक तूर्त थांबवावं का, तेही त्याच फोनवर विचारा. या आजारात पेशी शरीराच्या आतच फुटतात, त्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं, त्यामुळे वरून लोह सहसा लागत नाही. उलट टॉनिकमुळे शीचा रंग वाचता येईनासा होतो, आणि या दिवसांत तो रंग आपल्याला हवा आहे. जठरासाठी ओमेप्रॅझोल किंवा सुक्राल्फेट द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. सुक्राल्फेट दिलं तर ते बाकी गोळ्यांपासून दोनेक तास लांब ठेवा, नाहीतर ते दुसरी औषधं शरीरात शोषलीच जाऊ देत नाही.

आणि हे वाचून क्लोपिडोग्रेल मात्र मनाने बंद करू नका. या आजारातली बरीच कुत्री रक्त कमी पडून जात नाहीत, रक्ताच्या गुठळीने जातात. ती गोळी त्यासाठी आहे. थांबवायची की नाही हा निर्णय काळ्या शीचा छडा लागल्यावर डॉक्टरांचा.

गोळी अर्धी करण्याबद्दल. ३६ पीसीव्ही पाहून तुम्हाला हायसं वाटलं असेल, मलाही वाटलं. कुत्र्यांचा पीसीव्ही साधारण ३७ ते ५५ असतो, म्हणजे बंड्या उंबरठ्यावर आलाय. पण तो आलाय औषधाच्या जोरावर. एकदम ४० वरून २० वर आणलं तर शरीर पुन्हा पेशी फोडायला लागू शकतं, आणि दुसऱ्या वेळी आटोक्यात आणणं पहिल्यापेक्षा जड जातं. पूर्ण बंद करणं तर त्याहून वाईट. दीड महिना बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडाशेजारच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी स्वतःचं काम जवळजवळ सोडून दिलेलं असतं. गोळी अचानक थांबली की उलट्या, जुलाब, अंग गार पडणं, कोसळणं, असं होऊ शकतं. म्हणून बंड्याला दोनदा उलटी होऊन गोळ्या बाहेर पडल्या, तरी 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

पण तुमची तक्रार बिनबुडाची आहे असंही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनने या आजाराच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये काढली. त्यांचा सूर असा, की पीसीव्ही ३० च्या वर जाऊन दोन आठवडे टिकला, की प्रेडनिसोलोन पाव हिश्श्याने उतरवायला घ्यावं, आणि मग साधारण दर तीन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी रक्त तपासून, पुढची पायरी. तुमचे दोन रिपोर्ट या मापात बसतायत. तेव्हा पुढच्या भेटीत आढेवेढे न घेता विचारा: "डॉक्टर, ३४ आणि ३६ आलाय, ४० चं ३० कधी करायचं? आणि सगळा डोस सकाळीच दिला तर चालेल का?" दवाखान्यात गर्दी असते, तुम्ही फक्त "बरा आहे" म्हणालात तर तोच कागद पुढे चालू राहतो. काळ्या शीचं काय निघतं त्यावर पायरी एखादा आठवडा मागेपुढे होईल, पण प्रश्न विचारायलाच हवा. दुसऱ्या प्रश्नाचा फायदा तुम्हाला रात्री कळेल: डोस सकाळी गेला तर रात्रीची लघवी आणि धापा दोन्ही बऱ्याचदा कमी होतात.

तोवर पाण्याचं भांडं परत जागेवर. सासऱ्यांना असं सांगा: बंड्या जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवी करत नाही, जास्त लघवी होते म्हणून त्याला प्यावं लागतं. स्टेरॉइडमुळे मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. भांडं उचललं तरी लघवी होणारच, फक्त कुत्रा आतून सुकेल आणि रक्त घट्ट होईल. गुठळ्यांची भीती असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हे परवडणारं नाही.

किती पितो हे एकदा मोजा मात्र. सकाळी मापाच्या जगने भांडं भरायचं, दिवसभर किती ओतलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. बंड्याच्या वजनाचा निरोगी कुत्रा दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पितो. सव्वादोन लिटरच्या वर गेलं की जास्तच. आज तीन असेल तर घाबरू नका, या डोसवर ते होतं. पण आकडा काही आठवडे स्थिर राहून मग डोस न वाढवता एकदम वर गेला, तर स्टेरॉइडने मधुमेह तर आणला नाही ना, हे रक्त-लघवीतली साखर पाहून ठरवावं लागतं. अंथरुणाचं म्हणाल तर सुती गोधडीखाली लहान बाळांची रबरी शीट, रात्री अकराला एक फेरी, पहाटे पाचला दुसरी. ओरडू नका त्याला. झोपेत होतंय, त्याच्या हातात नाही.

लघवीत आणखी एक गोष्ट लपते, जंतुसंसर्ग. एरवी कुत्रा कुंथतो, थेंब थेंब करतो, आपल्या लक्षात येतं. स्टेरॉइड ही सगळी लक्षणं दाबून टाकतं, ताप आणि आगसुद्धा. त्यामुळे काहीही दिसत नसताना दोन-तीन महिन्यांतून एकदा लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करून घ्यावं असं माझं मत आहे. नमुना घरच्या बाटलीत नको. डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून घेतात, ऐकायला भयंकर वाटतं पण कुत्र्याला इंजेक्शनइतकंच दुखतं.

बेदाण्यांचं वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील असं माप नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेसेही बाधतात. तासगावात, व्यापाऱ्याच्या घरात, स्टेरॉइडवरचा उपाशी कुत्रा! पोती असलेली खोली बंद, दाराला आडणा, आणि मोलमजुरीला येणाऱ्या माणसांनाही सूचना. खाल्लेच तर उलटी व्हायची वाट बघत बसू नका, घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, थेट दवाखाना. पहिल्या दोन तासांत पोचलात तर डॉक्टरांना बरंच काही करता येतं. दुसरा शत्रू कांदा-लसूण. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे बंड्याला जे झालंय त्यात भर. उरलेला रस्सा, आमटी, कांदा घातलेली चटणी लावलेली भाकरी, काहीही नाही. गोचिडांवर लसूण द्या असं कुणी सांगेल, तेही नाही.

भूक खरी आहे, ती हट्ट नाही. जेवढं रोजचं अन्न आहे तेच तीन-चार वेळांत विभागा, आणि मधल्या वेळी उकडलेला दुधी, गाजर, श्रावणघेवडा, कच्ची काकडी द्या. फोडणी नाही, मीठ नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, वजन चढत नाही. तूप, साय, चिकनची कातडी बंद. या औषधांवर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि चरबी तिला आमंत्रण देते. मांस-अंडी नीट शिजवूनच, प्रतिकारशक्ती दाबलेली असताना कच्चं काही नको.

सुटलेलं पोट आणि लटपटणारे पाय ही एकाच औषधाची दोन रूपं. स्टेरॉइड स्नायू झिजवतं. पाठीवर, मांड्यांत, कपाळाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात. पोटाचे स्नायूही सैल होतात, यकृत थोडं वाढतं, म्हणून पोट लोंबतं. डोस उतरला की महिन्याकाठी हळूहळू भरून येतं. तोवर जिन्यावर पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या, घसरत्या फरशीवर सतरंजी टाका, नखं कापा, आणि रोज दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालवा. नुसतं झोपवून ठेवलं तर उरलेसुरले स्नायूही जातील. लटपट हळूहळू, दोन्ही पायांत, दुखण्याविना येते. एक पाय अचानक गार पडला, टेकवेनासा झाला, कुत्रा केकाटला, तर ती गुठळी असू शकते. तेव्हा तास दोन तासही घालवू नका.

धापांचंही तसंच. स्टेरॉइडवरची कुत्री धापा टाकतातच, उकाड्यात जास्त. पण त्याच धापेमागे रक्त उतरणं किंवा फुप्फुसातली गुठळीही असू शकते, म्हणून तो गाढ झोपलेला असताना छाती एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. ३० च्या आत असेल तर पंखा लावून निवांत झोपा. वर असेल, किंवा ओठ उचलल्यावर हिरडी फिकी किंवा पिवळसर दिसली, तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. हिरड्या काळ्या असतील तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. रोज सकाळी एकदा, उजेडात, एकाच माणसाने. रंग लक्षात राहायला माणूस एकच लागतो.

आता कुटण्याबद्दल, आणि जाऊबाईंबद्दल. अझाथायोप्रिन हे पेशींची वाढ रोखणारं औषध आहे. ती गोळी कुटायची नाही, मोडायची नाही, तिची पूड श्वासात जाऊ द्यायची नाही. गर्भारपणात तर तिला हातही लावायचा नाही. जाऊबाईंना आजपासून या कामातून सुट्टी. बंड्याची लघवी पुसणंही दुसऱ्या कुणी हातमोजे घालून करावं. तुम्ही गोळी देताना हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा. ज्या खलबत्त्यात गोळ्या कुटल्या तो घासून बाजूला ठेवा, त्यात परत शेंगदाण्याचं कूट नको. गोळी अख्खीच जाते, फक्त युक्ती लागते: उकडलेल्या चिकनचे तीन छोटे तुकडे हातात घ्या, पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा नाकासमोर धरलेला. तिसऱ्याच्या आशेने दुसरा न चावता गिळला जातो. क्लोपिडोग्रेल कडू असतं, कुटलं की सगळा दहीभातच कडू होतो, मग तो अर्धा टाकतो आणि किती औषध पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही.

अझाथायोप्रिनचे दोन दुष्परिणाम घरी दिसत नाहीत. ते अस्थिमज्जा दाबतं, त्यामुळे पांढऱ्या पेशी घसरतात. आणि यकृताला इजा करू शकतं, तीही बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. सुरुवातीचे दोन महिने साधारण दर पंधरवड्याला सीबीसी (सगळ्या रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताच्या तपासण्या व्हायला हव्यात. तुमच्याकडे फक्त पीसीव्हीचे आकडे दिसतायत, बाकीचं झालंय का विचारा. यकृताच्या रिपोर्टमध्ये एएलपी नावाचा आकडा भरमसाट वाढलेला दिसेल, त्याला घाबरू नका. कुत्र्यांत तो निव्वळ स्टेरॉइडने वाढतो. त्यातलाच दुसरा आकडा, एएलटी, चढत असेल, जेवण सुटलं असेल, डोळे पिवळे असतील, तर गोष्ट वेगळी.

गुळवेलीबद्दल शेजाऱ्यांशी वाद घालू नका, पण देऊही नका. तिची ख्याती प्रतिकारशक्ती जागवण्याची, आणि बंड्याचा आजारच भलत्या दिशेने जागलेल्या प्रतिकारशक्तीचा. कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या माणसांत यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्या आहेत, तेव्हा 'झाडपाल्याने काय होतंय' हे काही खरं नाही. पपईच्या पानांचा रस लोक प्लेटलेटसाठी देतात. बंड्याची अडचण तांबड्या पेशींची आहे.

आयुष्यभर? बहुतेक कुत्र्यांत नाही. सगळं सुरळीत उतरलं तर चार ते आठ महिन्यांचा मामला. काहींना शेवटी एखादी छोटी गोळी दिवसाआड ठेवावी लागते, आणि काहींचा आजार उलटतो. उलटण्याचं एक कारण आपल्या हातातलं आहे, म्हणून टिक फीव्हरच्या त्या 'निगेटिव्ह'कडे परत येते. कुठली तपासणी झाली होती? दवाखान्यात वापरतात त्या झटपट किटांपैकी बऱ्याच किटांत गोचिडांतून येणाऱ्या जंतूंपैकी एर्लिकिया असतो, बबेसिया नसतो. बबेसिया गिब्सोनी हा इतका बारीक जंतू आहे की काचपट्टीवर सहज निसटतो, आणि तो आपल्याकडे भरपूर आहे. तो लपलेला असेल तर आपण प्रतिकारशक्ती दाबून त्याचंच फावू देतोय. पीसीआर (जंतूची जनुकं शोधणारी रक्ततपासणी) झाला नसेल तर डॉक्टरांकडे आग्रह धरा. तालुक्याला सोय नसली तरी रक्ताचा नमुना बाहेर पाठवता येतो, आणि गुंतागुंत वाढलीच तर सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गोचिडांसाठी फ्लुरालॅनर किंवा अफोक्सोलॅनरची गोळी डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी, पावसाळा संपला म्हणून खंड नको.

लसींचं तुम्ही विचारलं नाही, पण कार्ड बघून ठेवा. डिस्टेंपर-पार्वोची जी एकत्रित लस असते तिच्यात जिवंत जंतू असतात, ती या औषधांवर असताना देत नाहीत. रेबीजची लस मृत विषाणूची असते. तिची तारीख जवळ आली असेल तर परस्पर टोचून घेऊ नका आणि परस्पर टाळूही नका. बंड्या मोकळा फिरतो की बांधलेला असतो, हे डॉक्टरांना सांगून तारीख त्यांच्याकडून ठरवून घ्या.